बागेचा वर्ग घटस्थापनेला सुरू करा, मृगाला नको

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय: घराला पूर्वेची बाल्कनी आहे, सोसायटीने गच्चीवर दहा कुंड्या ठेवायला परवानगी दिली आहे. दोन वर्षांत बागकामाच्या तीन एकदिवसीय कार्यशाळा केल्या. दरवर्षी पहिल्या पावसात मन लावून लावणी करतात आणि गणपती येईपर्यंत निम्म्याहून जास्त रोपं गेलेली असतात. आता वर्षातून चार वेळा, हंगामाप्रमाणे भरणाऱ्या वर्गांबद्दल त्यांनी ऐकलंय. त्यानं खरंच काही फरक पडेल का, सुरुवात कधी करावी, आणि पुण्याला माझ्या वर्गाला आलं तर चालेल का, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, आधी एक सांगते. तुमच्या हाताला गुण नाही असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. ते मनातून काढून टाका. तुमच्या तिन्ही कार्यशाळा मे-जूनमधल्या होत्या, आणि वर्षातला सगळ्यात अवघड हंगाम तुम्ही दोनदा पहिला पेपर म्हणून दिलात. वीसेक वर्षं घरच्या बागेचे वर्ग घेतल्यावर माझं याबाबत मत पक्कं झालंय: आपल्याकडे नवख्या माणसानं बागेची सुरुवात पावसाळ्यात करू नये.

हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण मृगाचा पाऊस पडला की पेरायचं हे आपल्या रक्तात आहे. पण ती रीत शेताची. शेतात पाणी उताराने वाहून जातं, जमिनीत खोल मुरतं. कुंडीत ते जायला तळाशी करंगळीएवढं एक भोक असतं. त्यात ठाण्याचा पाऊस, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. पुण्यात माझ्या गच्चीवर सातशे-साडेसातशे पडतो. शिवाय जुलैत दहा-दहा दिवस ऊन दिसत नाही. पानांना अन्न करायला उजेड नाही, मुळांना श्वास घ्यायला हवा नाही, आणि ओलीत बुरशी मात्र सुखात. या परिस्थितीत अनुभवी माणसाचीही टोमॅटो-मिरची टिकत नाही.

मागे वर्गात एक काका मेलेल्या टोमॅटोची कुंडी तशीच्या तशी रिक्षात घालून घेऊन आले होते. ती आम्ही वर्तमानपत्रावर उपडी केली. वरची चार बोटं माती कोरडी, भुसभुशीत. काका रोज वरून बघायचे, माती कोरडी दिसली की पाणी घालायचे. पण त्याखाली काळा चिखल होता आणि त्याला गटारीसारखा वास येत होता. भोकावर फरशीचा सपाट तुकडा ठेवलेला, तो बुचासारखा बसला होता. त्यात कुंडी प्लॅस्टिकच्या ताटलीत. मी एक मूळ दोन बोटांत धरून ओढलं, तर वरची तपकिरी साल गळून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. मूळ कुजल्याची ही खूण. निरोगी मूळ पांढरं असतं आणि ओढलं तर तुटतं, सोलून निघत नाही. त्या दिवशी ठरवलेला विषय बाजूला राहिला, दीड तास त्या एका कुंडीवर गेला. पुढच्या वेळी सगळ्यांनी घरच्या कुंड्या विटांवर चढवल्या होत्या, ताटल्या काढल्या होत्या.

हंगामी वर्गानं काय फरक पडतो, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या कुंडीत आहे. एकदिवसीय कार्यशाळेत मेलेलं झाड परत आणता येत नाही. शिकवणाऱ्यालाही कळत नाही की आपण सांगितलेलं घरी जाऊन काय झालं. मीही सुरुवातीची काही वर्षं जूनमध्ये एका दिवसात माती, बी, खत, कीड, छाटणी सगळं शिकवत असे. लोक वही भरून घेऊन जायचे. छाटणीचा धडा जूनमध्ये ऐकलेला, कात्री हातात घ्यायची वेळ ऑक्टोबरात. तोवर वही कुठे आहे हेही आठवत नसे. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, कसा ओळखायचा हे चित्रावरून शिकून उपयोग नाही. डिसेंबरात वालाच्या कोवळ्या शेंड्यावर तो काळा थर प्रत्यक्ष बघावा लागतो, बोटाला चिकटपणा लागावा लागतो. म्हणून आज जे शिकवलं ते आज संध्याकाळी घरी करता आलं पाहिजे, असा माझा वर्गाचा नियम आहे. तसं करायचं तर वर्ग हंगामाच्या मागे-मागेच जावा लागतो.

आता सुरुवात. अनंत चतुर्दशी झाली की तयारीला लागा आणि घटस्थापनेला पहिली पेरणी करा. मुहूर्त म्हणून सांगत नाही. त्या सुमाराला पाऊस ओसरत आलेला असतो, ऊन परत येतं, आणि पुढचे चार महिने कुंडीतल्या झाडाला वर्षातले सगळ्यात सुखाचे. आणि घट हा प्रत्येक घरात आपोआप होणारा उगवणीचा प्रयोग आहे. टोपलीत किंवा पत्रावळीवर माती पसरून त्यात आपण धान पेरतो, रोज पाणी शिंपडतो, नऊ दिवसांत वीतभर अंकूर येतात. वर्गात मी दरवर्षी विचारते, तुमच्या घटातलं धान कुठल्या रंगाचं आलं? देवघराच्या कोपऱ्यातलं बहुतेक पिवळट, लांबुडकं, एका बाजूला झुकलेलं असतं. खिडकीजवळच्या घटातलं हिरवं, आखूड, ताठ. उजेडाचा धडा एवढ्यात संपतो. बाल्कनीत लावलेली टोमॅटोची रोपं लांबून कोलमडतात तेव्हा त्यांना खत कमी पडलेलं नसतं, ती देवघरातल्या धानासारखी उजेड शोधत असतात.

पहिल्या वर्गात बाकी माती. पुण्यात नवखे लोक बांधकामाजवळची काळी माती भरतात. ती ओली असताना चिकट, वाळली की भेगा पडून पाणी कडेनं निघून जातं. तुमच्याकडे लाल माती मिळते, ती बरी, पण नुसती वापरली तर पावसानं दाबून विटेसारखी होते. मी एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कुजका पालापाचोळा घेते. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी एकदा ओतून द्या, त्यात क्षार असतात. गच्चीचं वजनही लक्षात ठेवा. ओली माती एका घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. सोसायटीने दहाच कुंड्यांची परवानगी दिली याचं तुम्हाला वाईट वाटलंय, पण जुन्या स्लॅबच्या दृष्टीनं तो निर्णय शहाणपणाचा आहे. कुंड्या भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेत ठेवा, मधोमध नको.

आणि पहिलं पीक? समुद्रमेथी. मुंबई-ठाण्याच्या बाजारात बारीक जुड्यांनी मिळते तीच. चार बोटं खोल ट्रे, निम्मी बारीक वाळू, निम्मी माती. रात्री भिजवलेले मेथीदाणे दाट पेरायचे, वर पातळ माती, आणि ट्रे आडोशाला ठेवायचा, कारण हस्ताचा पाऊस अजून दणके देत असतो. आठ-दहा दिवसांत मुळासकट उपटून धुवायची आणि कांदा-मिरची घालून परतायची. माझा आग्रह असतो की प्रत्येकानं पहिल्या महिन्यातच आपल्या हातचं काहीतरी खाल्लं पाहिजे. ज्यानं एकदा आपली मेथी खाल्ली तो बाग सोडत नाही, हे मी पाहत आलेय. समुद्रमेथी निघाली की त्याच मातीत थोडं खत मिसळून पालक, मुळा, कोथिंबीर. धणे पेरण्याआधी लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करायच्या. मुळा आणि गाजर जागच्या जागीच पेरायचं. रोप करून हलवलं की मूळ फाटे फुटून वाकडं होतं.

तुमच्या पूर्वेच्या बाल्कनीत बहुधा सकाळचं तीन-चार तास ऊन येत असेल. तेवढ्यावर पालेभाजी नक्की होते. टोमॅटो, वांगी, मिरची यांना सहा तास तरी हवं, ती गच्चीवरच जाणार. टोमॅटोचं बी सप्टेंबरच्या शेवटी ट्रेमध्ये, पंचवीस-तीस दिवसांनी रोप मोठ्या कुंडीत, दिवाळीच्या आसपास. रोप लावताना खोडाचा खालचा भाग मातीत गाडला तरी चालतो, त्याला मुळं फुटतात.

दुसरा वर्ग दिवाळीनंतर, आणि तो प्रामुख्यानं बघण्याचा. पानांच्या मागच्या बाजूला काय चाललंय हे भिंग घेऊन बघायचं. ढगाळ हवा आली की मावा, पहाटे दव पडायला लागलं की काकडीवर्गीय वेलांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आणि जास्वंदीवर बाराही महिने पिठ्या ढेकूण, ती कापसासारखी पांढरी कीड. मावा थोडा असेल तर पाण्याच्या फवाऱ्यानं जातो. नाहीतर कडुनिंबाचं तेल, लिटरभर पाण्याला पाच मिलिलिटर. आधी तेलात थोडा पातळ साबण नीट घोटायचा आणि मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगत राहतं आणि फवाऱ्यातून शेवटी नुसतं तेलच येऊन पानं जळतात. फवारणी ऊन उतरल्यावर. गुलाबाची छाटणी या वर्गाच्या थोडी आधीच, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात होऊन जायला हवी. पुण्यातली प्रदर्शनाला उतरणारी मंडळी तर एम्प्रेस गार्डनमधल्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाची तारीख धरून उलट दिवस मोजतात.

याच सुमाराला हमखास येणारी तक्रार म्हणजे शेवंतीला कळ्या नाहीत. झाड तजेलदार, पण फूल नाही. एका बाईंच्या घरी मी मुद्दाम रात्री गेले. शेवंतीच्या कुंड्या बाल्कनीतल्या दिव्याखाली होत्या आणि तो दिवा रात्री अकरापर्यंत जळत असे. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. दिव्याखाली तिचा दिवस संपतच नव्हता. कुंड्या अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवल्यावर काही आठवड्यांनी कळ्या दिसल्या. त्यांनी तोवर तीन प्रकारची खतं घातली होती.

फेब्रुवारीतला वर्ग छोटा असतो. भेंडी, गवार, काकडी, राजगिरा पेरायचा. मोगऱ्याची छाटणी जानेवारीत केली नसेल तर ती उरकायची. आणि पानगळीचा पाला गोळा करायचा. पाला मी सगळ्यांना पोती भरून ठेवायला लावते. एप्रिल-मेमध्ये कुंडीवर तीन-चार बोटं जाड आच्छादन घातलं की पाणी निम्म्यानं वाचतं, आणि उरलेला वर्षभर कंपोस्टला लागतो. स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि कोरडा पाला साधारण सारखा किंवा पाला थोडा जास्त. वास आला तर ओल जास्त झाली समजायचं आणि पाला वाढवायचा.

चौथा वर्ग रोहिणीत, म्हणजे २५ मेच्या आसपास. हा पावसाळ्याचा वर्ग, आणि तो शेवटी येतो हेच त्याचं बळ. तोपर्यंत तुम्हाला कुंडी उचलून तिच्या वजनावरून ओल ओळखता येत असते, बोट दोन पेरं आत घालून बघायची सवय झालेली असते. मग पावसात काय लावायचं हेही आपोआप बदलतं. टोमॅटो नाही. हळद, आलं, अळू, पावसाचं पाणी मानवणारी पिकं. आणि वेल: दुधी, दोडका, घोसाळी, पडवळ, कारलं. वेलाचं बी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातच पिशवीत, आडोशाला लावायचं. पाऊस लागेल तेव्हा रोप चार-पाच पानांवर असलं पाहिजे, म्हणजे ते तग धरतं. एका वेलाला चाळीस-पन्नास लिटरचा ड्रम लागतो, दहा इंची कुंडीत दुधी होत नाही.

तुम्ही लिहिलंय की दुधीला फुलं खूप आली पण फळ एक धरलं नाही, बोटभर होऊन पिवळी पडून गळाली. हे जवळजवळ प्रत्येक गच्चीवर होतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी मिटायला लागतं. त्याला परागण रात्रीचे पतंग करतात, ते आठव्या-दहाव्या मजल्यावर फारसे येत नाहीत. तेव्हा ते काम आपण करायचं. सहा-साडेसहाला गच्चीवर जा. ज्या फुलामागे लांब, नुसता देठ आहे ते नर. ज्याच्यामागे सुपारीएवढा लवदार दुधी दिसतो ती मादी. नराचं ताजं फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि आतला पिवळा पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर सगळीकडून हलकेच टेकवा. तीन-चार दिवसांत तो छोटा दुधी फुगायला लागला की जमलं. सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस सगळी नर फुलंच येतात, तेव्हा घाबरू नका. वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडा, बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात. दोडकाही संध्याकाळी उमलतो. काकडी आणि भोपळा मात्र सकाळी, त्यामुळे त्यांच्याकडे चहाच्या आधी जायचं. हे वाचून कळतं, पण पहिल्यांदा कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. माझ्या चौथ्या वर्गाची एक बैठक म्हणूनच ऑगस्टमध्ये, दिवस मावळताना असते.

वर्ग कसा पारखायचा हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पैसे भरण्याआधी बघायला हवं. शिकवणाऱ्यांची स्वतःची बाग बघायला मागा, आणि ती जुलैत किंवा मेमध्ये बघा. जानेवारीत सगळ्यांचीच बाग चांगली दिसते. चार वर्गांच्या तारखा आधी जाहीर आहेत का? मधल्या काळात अडलं तर विचारायची सोय आहे का? वर्गाच्या शेवटी ठरावीक बाटल्या-पिशव्यांचा संच घ्यावाच लागत असेल तर मी जाणार नाही. बागेला लागणारं बहुतेक सगळं घरात आणि आसपास मिळतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यावर फळझाडं-भाज्या उभ्या राहिल्या, तिथं कुठली महागडी पिशवी लागली नव्हती. आणि वर्गात शिकणाऱ्यांना बोलायला वेळ मिळतो का, ते बघा. श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी कोल्हापुरातून शेतकऱ्यांचा प्रयोग परिवार उभा केला तो याच रीतीनं: प्रत्येकानं आपल्या जागेत प्रयोग करायचा आणि काय झालं ते बाकीच्यांना सांगायचं. द्राक्षबागायतदार तसे शिकले. दहा कुंड्यांची गच्चीही तशीच शिकता येते.

आता तिसरा प्रश्न. पुण्याला माझ्या वर्गाला येऊ नका. अंतरामुळे म्हणत नाही, तुम्ही आनंदानं याल हे मला दिसतंय. पण माझं वेळापत्रक तुमच्या हवेचं नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्र दहा अंशांच्या आसपास उतरते, म्हणून माझे विद्यार्थी कुंडीत वाटाणा आणि फ्लॉवर काढतात. ठाण्यात थंडी सहसा सोळा-सतराच्या खाली जात नाही. तिथं माझं ऐकून फ्लॉवर लावलात तर नुसती पानं मिळतील. तुमचा हिवाळा कोकणाचा आहे. भात निघाल्यावर अलिबागकडे वाल आणि पांढरा कांदा करतात, तो हिवाळा. वाल, चवळी, मुळा, लाल माठ, वांगी, टोमॅटो, हे तुमचं. इंटरनेटवरच्या चित्रफितींचंही हेच. दिल्लीकडची व्यक्ती उत्तम शिकवत असेल, पण तिचं पेरणीचं कोष्टक तुमच्या गच्चीवर चालणार नाही. जवळपास कोण शिकवतं ते शोधा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि जवळचं कृषी विज्ञान केंद्र इथेही चौकशी करा. कुणीच सापडलं नाही तर सोसायटीतल्या चार जणी मिळून महिन्यातून एकदा एकमेकींच्या कुंड्या बघायला भेटा.

सध्या श्रावण आहे. मेलेल्या कुंड्यांतली माती टाकू नका. रोपं मुळांसकट काढा, एक कुंडी उपडी करून आत काय झालंय ते डोळ्यांनी बघा, वास घ्या. माती पोत्यात भरून पावसाआड ठेवा. ऊन पडायला लागलं की गच्चीवर पातळ पसरून आठवडाभर चांगली तापवा, मग तिच्यात खत आणि पाला मिसळा. तोवर एक काम रोज करा: बाल्कनीच्या कठड्यावर आणि गच्चीच्या चारही कोपऱ्यांत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, ते उघडीप मिळेल त्या दिवशी लिहून ठेवा. ती नोंद घेऊन पहिल्या वर्गाला जा, आणि एक मेलेली कुंडीही सोबत न्या.